"वीस वर्षं चाललेला कोड आहे, तसाच उचला" हे का पटत नाही

एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय, टीममधल्या दोघांनी मलाही पाठवला: जुना कोड वीस वर्षं चाललाय म्हणजे टेस्टेडच आहे, नव्या सिस्टिममध्ये जसाच्या तसा घ्या, हात लावू नका. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण याच विचाराने रॉकेट फुटलंय आणि माणसं गेलीयेत, म्हणून लिहितोय.

"चाललाय म्हणजे टेस्टेड." अहो, पण कुठे चाललाय? ४ जून १९९६ ला दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून एरियन ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत संपलं. त्याची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ रॉकेटमधून घेतलेलं, तिथे ते व्यवस्थित चालायचं. आडव्या वेगाशी जोडलेला ६४ बिटचा एक आकडा त्यात १६ बिटमध्ये बसवला जायचा, म्हणजे ३२,७६७ च्या वर गेला की ओव्हरफ्लो, आकडा मावतच नाही. एरियन ४ मध्ये तो आकडा तिथवर जायचाच नाही, एरियन ५ चा मार्ग वेगळा, त्याचा गेला आणि यंत्रणा बंद पडली. आणि ही नजरचूक नव्हती हां, अशा सात व्हेरिएबलपैकी चारांना चेक लावलेले आणि तीन विचार करूनच सोडलेले, कारण प्रोसेसरवर ८० टक्क्यांच्या वर लोड नको होता. जुन्या रॉकेटसाठी तो हिशोब बरोबरच होता! फक्त नव्या मार्गाचे आकडे देऊन त्या यंत्रणेची टेस्ट कोणी घेतली नाही.

"जास्तीचं काही असलं तर राहू द्या, नडत नाही." नडतं. फुटलेलं फंक्शन उड्डाणानंतर एरियन ५ च्या काही कामाचंच नव्हतं, एरियन ४ मध्ये काउंटडाउन ऐनवेळी थांबला तर लवकर परत सुरू करता यावा म्हणून ते उडाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवायचे, तेवढंच.

"बॅकअप आहे की." एरियन ५ मध्येही त्या यंत्रणेचा बॅकअप होता, पण त्यात तेच सॉफ्टवेअर, तोच आकडा. तो आधी बंद पडला.

"इतक्या वर्षांत तक्रार नाही." याचा मला सगळ्यात राग येतो. थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनमध्ये आधीच्या मशीनचा कोड वापरला आणि हार्डवेअरचे सेफ्टी लॉक काढून टाकले. १९८५ ते ८७ मध्ये सहा पेशंटना भयंकर ओव्हरडोस झाला, काही दगावले. नंतर कळलं की त्यातला एक बग आधीच्या थेरॅक-२० मशीनमध्येही होता, तिथे फ्यूज उडून मशीन थांबायचं, म्हणून तक्रार नव्हती.

याचा अर्थ सगळं नव्याने लिहा असा अजिबात नाही. लॅपॅक ही गणिताच्या तयार कोडची लायब्ररी १९९२ ची आहे, पायथन भाषेतलं नमपाय आजही तिच्यावर गणितं करतं, आणि करावीतच, कारण कुठल्या रूटीनला काय द्यायचं हे तिथे लिहून ठेवलंय.

एका पतसंस्थेच्या कामात मीही "चालतंय ना, घ्या" म्हणून जुनं बेरजेचं मॉड्यूल उचललेलं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत आणि ३२ बिटमध्ये, म्हणजे मर्यादा साधारण २ कोटी १४ लाख रुपये. एका शाखेच्या भरण्याला ते वर्षानुवर्षं पुरलं, नव्या सिस्टिममध्ये सगळ्या शाखा एकत्र आल्या आणि पहिल्याच महिनाअखेरीला एकूण भरणा उणे दिसला. मॅनेजरबाई प्रिंटआउट हातात घेऊन उभ्या होत्या. तेव्हापासून कुठलंही मॉड्यूल घ्यायच्या आधी मी एक कागद भरून घेतो: हे काय गृहीत धरतं, कमाल आकडा किती, आधी याला कोण सांभाळून घेत होतं. तो कागद भरता आला नाही तर मॉड्यूल घेत नाही.