घरच्या घरी अजरामर चित्र

जगप्रसिद्ध चित्रात आपला चेहरा कसा दिसेल, हे बघायची हौस तुम्हाला अजून आली नसेल तर लवकर आणा. मागे राहाल.

पहिलं काम चित्र निवडणं. चेहरा सगळ्यांना पाठ आणि गोष्ट कोणालाच माहीत नाही, असंच चित्र घ्यावं. मोनालिसा टाळा. १९११ साली ती चोरीला गेली तेव्हा लोक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिची रिकामी जागा बघायला गर्दी करत होते, आणि १९१९ साली मार्सेल द्युशाँ या चित्रकाराने तिच्या पोस्टकार्डावर पेन्सिलीने मिशी-दाढी काढून टाकली. म्हणजे विनोद शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. शिवाय तिच्यासाठी हात घडी घालून स्वस्थ बसावं लागतं, ते तुम्हाला जमणार नाही.

त्यापेक्षा डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी बरी. साधारण १६६५ सालचं, ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं चित्र. मुक्काम नेदरलँड्समधल्या हेगचं मॉरित्सहाउस संग्रहालय. १८८१ साली लिलावात ते अवघ्या २ डच गिल्डर ३० सेंटला गेलं, तेव्हा कोणी तिची नक्कल करायला धावलं नव्हतं हे लक्षात ठेवा आणि लगेच विसरा. ही कोणा एकीची तसबीर नाही. असल्या नमुन्याच्या चेहऱ्याला डच लोक 'ट्रोनी' म्हणतात. थोडक्यात, मूळ बाईसारखं दिसण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही, मूळ बाईच नाही. आणखी एक सोय अशी की तिला आधी फेट्यावरून ओळखायचे, डुलावरून नंतर ओळखू लागले. त्यामुळे निम्मे लोक टपोरं कानातलं विकत आणतात आणि डोक्याला हाताला लागेल ते गुंडाळतात.

तुम्ही डोक्यापासून सुरू करा. कापडं दोन: एक निळं, कपाळावरून घट्ट आवळून मागे नेलेलं, दुसरं पिवळं, वरच्या गाठीतून निघून पाठीवर सरळ लोंबणारं. आंघोळीचा टॉवेल घेऊ नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही तोच घेणार. तो जड असतो, तिसऱ्या मिनिटाला मागे घसरतो, कपाळ मोठं होतं आणि चित्रातली मुलगी नुकतीच केस धुऊन आल्यासारखी दिसते. पातळ सुती कापड घेतलं तर हे होत नाही, पण मग त्यात गंमत काय? एक केस बाहेर आला तर संपलं, कारण चित्रात एकही केस दिसत नाही. निळा रंग कुठलाही चालेल. व्हर्मीरने लाजवर्दी दगड कुटून काढलेला वापरला होता, तुम्ही मोबाइलमध्ये सॅच्युरेशन वाढवा.

आता डूल. एवढा मोठा मोती खरा असणं अवघड, म्हणून काच किंवा चकाकी दिलेला कथील असावा असं काही जाणकार म्हणतात. जवळ जाऊन बघितलं तर ते काहीच नाहीये. वर पांढऱ्या रंगाचा जाडसर फटकारा, खाली एक मऊ पुसट उजेड, बस. कानात अडकवायची कडी चित्रकाराने काढलेलीच नाही, मोती हवेत आहे. तुम्हाला मात्र कडी लागेल, आणि फोटोत तीच सगळ्यात ठळक येईल. खालचा पुसट उजेड म्हणजे पांढऱ्या कॉलरचं प्रतिबिंब. काळा टीशर्ट घालून बसलात तर तो येणार नाही, मोती अर्धवट दिसेल आणि तुम्ही दोष डुलाला द्याल. एक सावधगिरी: जुन्या छापील प्रतीवरून काम करत असाल तर मोत्यावर एक जादा चमक दिसेल. १९९४ साली डागडुजी करताना कळलं की तो रंगाचा सुटून चिकटलेला पापुद्रा होता. काढून टाकला. तुम्ही हवं तर ठेवा, कौतुक त्याचंही झालेलं आहे.

उजेड डावीकडून, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. खिडकी एक, चेहऱ्याच्या थोडी पुढे आणि वर. छताचे दिवे बंद, फ्लॅश बंद. खांदे खिडकीकडे वळवा आणि मान डाव्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे. सेल्फी घेणाऱ्यांचं इथेच घोडं पेंड खातं. बऱ्याच फोनमध्ये पुढचा कॅमेरा आरशासारखं उलट दाखवतो, ते बघून तुम्ही सगळं नीट जुळवता, आणि सेव्ह झालेल्या फोटोत उजेड उजवीकडून येतो, डूल भलत्याच कानात. मिरर सेटिंग आधी बघून घ्या, म्हणजे मान दोनदा आखडणार नाही.

मागे काळं कापड, तुमच्यापासून निदान दीड मीटर लांब. चिकटून बसलात तर खिडकीचा उजेड त्यावरही पडतो आणि कापडाच्या चुण्या दिसतात. फोनला काळोख सहन होत नाही, तो काळ्याचा करडा करतो. म्हणून चेहऱ्यावर बोट टेकवून एक्स्पोजर खाली ओढा. इतकं करून काळीकुट्ट पार्श्वभूमी साधली की मूळ चित्राशी इमान राखल्याचं समाधान मिळवा. मूळ चित्रात ती हिरवी होती. गडद थरावर निळीचा आणि वेल्ड नावाच्या पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक हात दिलेला होता, तो साडेतीनशे वर्षांत विटला. २०१८ साली संग्रहालयाने चित्राची यंत्रांनी कसून तपासणी केली, २०२० मध्ये निष्कर्ष आले: मागे घड्या पडलेला हिरवा पडदा होता. म्हणजे तुमच्या त्या चुण्या चुकून बरोबर होत्या. पण हिरवा पडदा लावून फोटो टाकून बघा. पहिलीच प्रतिक्रिया येईल, 'बॅकग्राउंड चुकलं'.

चेहऱ्यावर मेहनत घेऊ नका, ती कमी करायची आहे. भुवया जवळजवळ नाहीत. पापण्यांचे केस व्हर्मीरने काढले होते, पण आता ते यंत्रालाच दिसतात. नाकाची कड उजेडात गालाशी मिसळून गेली आहे, मधे रेघच नाही. ब्यूटी फिल्टर चालू केलात की तो न विचारता नाक कोरून देतो, भुवया देतो आणि ओलसर ओठाच्या कोपऱ्यातला तो इवलासा पांढरा ठिपका डाग समजून पुसतो. एवढाही त्रास नको असेल तर यंत्राकडूनच मुलगी बनवून घ्या. २०२३ साली मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनाला गेलं, तेव्हा मॉरित्सहाउसने लोकांकडून आलेल्या आवृत्त्या तिच्या जागी दाखवल्या. त्यांत एक एआयने केलेली होती. वाद झाला. वाद झाला म्हणजे काम झालं.

अर्थाची काळजी करू नका, तो आपोआप बदलतो. दंडाची बेटकुळी दाखवणाऱ्या, लाल रुमालवाल्या कामगार बाईचं अमेरिकी पोस्टर १९४३ साली एका कंपनीने स्वतःच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लावलं, कामगारांनी खाडे न करता राबावं म्हणून. स्त्रीमुक्तीचं निशाण ते चार दशकांनी झालं. चे गव्हेराचा फोटो क्यूबन छायाचित्रकार अल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० रोजी हवानातल्या शोकसभेत काढला, शेजारचा माणूस आणि झाडाची पानं कापली, आणि छापणाऱ्यांकडून वर्षानुवर्षं पैसे मागितले नाहीत. क्रांतिकारक टीशर्टावर गेला तरी कोर्दा गप्प होते. व्होडकाच्या जाहिरातीत गेल्यावर मात्र कोर्टात गेले. आपली सीमा कुठे आहे ते आधी ठरवून ठेवा, मागाहून वकील लागतो.

फोटो टाकण्याआधी शेवटचं. टॉवेलच्या कडेला धुण्याच्या सूचनांची पांढरी पट्टी दिसत असेल तर क्रॉप करू नका. फोटो चालला, तर पुढचा माणूस हेगच्या चित्रावरून नाही, तुमच्यावरून करणार आहे, आणि ती पट्टी नेमकी तिथेच यावी म्हणून तास घालवणार आहे.