हार्टफर्डचं स्टेडियम, तो फॉरवर्ड आणि 2016 चा फोटो

गेले चार दिवस आमच्या कनेक्टिकटच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आणि काल तोच पुण्याहून मामांनी पण पाठवला, "तू राहतोस तिथलंच ना रे हे?" म्हणून. मामांना फोनवर सांगून झालं, पण ग्रुपवर ज्या काकांनी टाकलाय त्यांना तीन ओळीत उत्तर देणं जमेना, म्हणून हे सविस्तर. काका, राग मानू नका.

फॉरवर्ड थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराने बेसबॉलच्या नादात स्टेडियम बांधायला काढलं, बिल्डरने पैसे खाल्ले, नव्या मेयरने इगोपायी काम बंद पाडलं, टीम सोडून गेली, शहराचं दिवाळं निघालं आणि स्टेडियम आजही अर्धवट पडून आहे. खाली क्रेन आणि मातीचं मैदान असलेला फोटो. आणि शेवटी नेहमीचं, "जास्तीत जास्त शेअर करा".

शेवटून सुरुवात करतो कारण ते सगळ्यात सोपं आहे. स्टेडियम अर्धवट नाहीये. 13 एप्रिल 2017 ला तिथे पहिली मॅच झाली आणि तेव्हापासून चालू आहे. डंकिन (आधीचं डंकिन डोनट्स) या कॉफी-डोनटवाल्या कंपनीचं नाव आहे त्याला, सहा हजाराच्या आसपास सीट, डाउनटाउनमधून आय-84 हायवेवरचा पूल ओलांडला की लगेच समोर. फोटो 2016 चा आहे, तेव्हा खरंच तसंच दिसायचं, मी रोज ऑफिसला जाताना बघायचो. म्हणजे फोटो खोटा नाही, फक्त शिळा आहे.

टीम सोडून गेली म्हणे. उलट आहे हो! टीम इथे आली. आधी ती शेजारच्या न्यू ब्रिटनमध्ये रॉक कॅट्स नावाने खेळायची, तिथून उचलून हार्टफर्डला आणली. 2014 च्या जूनमध्ये तेव्हाचे मेयर पेड्रो सेगारा यांनी जाहीर केलं तेव्हा लोक भडकले ते यासाठी की बोलणी आधीपासून गुपचूप चालली होती आणि न्यू ब्रिटनवाले तर असे चिडले की विचारू नका, शेजाऱ्याच्या दारातली गाय सोडून आणल्यासारखंच झालं ते. नवं नाव ठेवलं यार्ड गोट्स. बकरीशी संबंध मॅस्कॉटपुरताच, रेल्वे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाला इथे बोलीभाषेत यार्ड गोट म्हणतात. रंग निळा-हिरवा, कारण 1997 मध्ये व्हेलर्स नावाची मोठ्या लीगची आइस हॉकी टीम हार्टफर्ड सोडून गेली, त्यांचे ते रंग, आणि ते दुःख इथली जुनी माणसं अजून काढतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक या दोन टीमची खिचडी केलीये.

मात्र 2016 चा अख्खा सीझन यार्ड गोट्सना स्वतःचं मैदान नव्हतं हे खरं आहे. सगळा सीझन दुसऱ्यांच्या गावी फिरत खेळले, घरच्या म्हणून लावलेल्या मॅचेससुद्धा बाहेर, काही तर कनेक्टिकटमधल्याच नॉरविच गावात. हे फॉरवर्डमध्ये टाकलं असतं तर जास्त मजा आली असती.

आता मेयरचा इगो. तेव्हाचा नवा मेयर ल्यूक ब्रॉनिन, सेगारांना सप्टेंबर 2015 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून आला आणि जानेवारी 2016 ला खुर्चीत बसला. बसायच्या आधीच, डिसेंबरमध्ये, बिल्डरने सांगून टाकलेलं की काम एप्रिलपर्यंत होत नाही आणि वर सुमारे 1 कोटी डॉलर कमी पडतायत. म्हणजे माणसाला वारशात काय मिळालं बघा. बरं त्याने आल्या आल्या हाकललं का? नाही. जानेवारीत शहर, टीम आणि बिल्डर यांनी तो खड्डा मिळून भरायचं ठरवलं, नवी तारीख ठरली 17 मे. 17 मे उलटली, काम अपुरंच. मग जूनच्या सुरुवातीला कॉन्ट्रॅक्ट रद्द. तुमच्या बिल्डरने पझेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली असती तर तुम्ही पाचव्या महिन्यापर्यंत थांबला असता का, सांगा! आता एवढं मान्य की त्याच उन्हाळ्यात त्यांच्याकडूनच पूर्ण करून घेतलं असतं तर सीझनचा शेवटचा भाग तरी घरी खेळता आला असता असं म्हणणारे तेव्हाही होते. पण "इगो" हा शब्द इथे बसत नाही.

काम थांबलं मग पूर्ण कोणी केलं, हे फॉरवर्डमध्ये नाहीच, कारण त्यांच्या मते ते झालेलंच नाही. बिल्डरने काम सुरू करताना परफॉर्मन्स बाँड दिलेला असतो, आपल्याकडे सरकारी कामात कॉन्ट्रॅक्टर बँक गॅरंटी देतो साधारण तसाच प्रकार, कॉन्ट्रॅक्टर फेल झाला तर बाँड देणारी इन्शुरन्स कंपनी उरलेलं काम करून द्यायला बांधील. शहराने तो बाँड वापरला, आर्च इन्शुरन्सने दुसरा कॉन्ट्रॅक्टर आणला आणि पुढच्या सीझनपर्यंत काम पूर्ण. विम्याची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या गावाचं स्टेडियम शेवटी विम्यावरच पूर्ण झालं, यावर तेव्हा आमच्या ऑफिसात भरपूर जोक झाले, आपल्यातले निम्मे इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवरच तर आलोय इथे.

बिल्डरने पैसे खाल्ले. काका, हे वाक्य जपून. सेंटरप्लॅन या बिल्डर कंपनीने शहरावर केस टाकली की आम्हाला चुकीचं काढलं, उशीर डिझाइनमधल्या बदलांमुळे झाला. शहराचं म्हणणं उशीर तुमचाच. 2019 ला ज्युरीने शहराच्या बाजूने निकाल दिला, शहराला भरपाई म्हणून 3 लाख 35 हजार डॉलर. झालं, संपलं असं वाटलं तोवर 2022 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकालच उडवला आणि परत खटला चालवा म्हणून सांगितलं. का, तर आर्किटेक्ट नक्की कोणाच्या हाताखाली होता हे कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट नव्हतं आणि खालच्या जजने ते स्पष्ट आहे असं धरून चाललं होतं. विचार करा, सात कोटीच्या बांधकामात नकाशा काढणाऱ्याचा साहेब कोण हे दोन वेगवेगळ्या तऱ्हेने वाचता येतं! शेवटी सगळ्यांनी तडजोड केली. म्हणजे वाद उशीर कोणामुळे झाला याचा होता, आणि शेवटपर्यंत टिकेल असा निकाल कोणाच्याच पदरात पडला नाही. त्यातून "खाल्ले" कुठून काढलं?

आता मोठा मुद्दा, दिवाळं. हार्टफर्डने दिवाळखोरी जाहीर केलेली नाही. 2017 मध्ये अगदी दारात येऊन उभे होते, वकील लावले होते, तारखा बोलल्या जात होत्या, हे खरं. 2018 ला राज्याने शहराचं जवळपास 55 कोटी डॉलरचं जुनं कर्ज फेडायची जबाबदारी घेतली आणि बदल्यात शहराच्या खर्चावर देखरेख करणारं बोर्ड बसवलं. एटना, ट्रॅव्हलर्स आणि द हार्टफर्ड या तीन इन्शुरन्स कंपन्यांनी पाच वर्षांत मिळून 5 कोटी द्यायचं कबूल केलं.

तर 55 कोटीच्या शेजारी स्टेडियम ठेवून बघा. आधी बोललेले 5 कोटी 60 लाख, ते वाढत वाढत 7 कोटी 10 लाखाच्या घरात गेले. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता वर्षाला 40-50 लाखाच्या आसपास, आणि शहराची त्या वर्षीची तूट जवळपास 5 कोटी. म्हणजे स्टेडियम नसतंच तरी तुटीचा फार तर दहावा भाग कमी झाला असता. बाकीचं कुठून आलं? हार्टफर्ड टीचभर गाव, 18 चौरस मैल, आणि त्यातली निम्मी प्रॉपर्टी टॅक्सच भरत नाही, कारण ती राज्य सरकारची ऑफिसं, हॉस्पिटलं, कॉलेजं, चर्च यांची. आणि कनेक्टिकटमध्ये गावाला स्वतःचा इन्कम टॅक्स नाही, सेल्स टॅक्स नाही, जे काय ते प्रॉपर्टी टॅक्सवर (गाडीवर पण दरवर्षी येतो तो, नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या बिलाला धक्का बसतो). मग उरलेल्या निम्म्यांनी किती भरायचं? तेव्हा दर होता हजार डॉलरला 74.29, राज्यात सगळ्यात जास्त. 1 लाखाच्या असेसमेंटला (टॅक्ससाठी धरलेल्या किमतीला) 7,429 डॉलर वर्षाला. कोण दुकान टाकणार तिथे, शेजारच्या वेस्ट हार्टफर्डला नाही का टाकणार? त्यात पेन्शन, जुनी कर्जं. हे सगळं बेसबॉलच्या कित्येक वर्षं आधीपासूनचं आहे. स्टेडियमला झोडणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

म्हणून स्टेडियम चांगला सौदा होता असं म्हणतोय का मी? अजिबात नाही. काल याच ग्रुपवर एकाने लगेच उलटं टोक गाठलं, "अरे आता तर हाऊसफुल असतं, पहिल्याच वर्षी 4 लाखाच्या आसपास लोक आले, म्हणजे सगळं वसूल". तेही चूक! तिकिटाचे पैसे टीमच्या मालकाचे, शहराचे नाहीत. शहराला भाडं वर्षाला 5 लाख डॉलर, वर पार्किंग, नावाच्या हक्कातला थोडा वाटा वगैरे. हप्ता 40-50 लाख. गणित कुठे बसतं?

बसतच नव्हतं, आणि बसणार नाही हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. घोडं पेंड खातंय ते इथे. स्टेडियम स्वतःचा हप्ता फेडणार असं मुळात ठरलंच नव्हतं, आजूबाजूला 35 कोटी डॉलरची घरं, दुकानं, ऑफिसं होणार, त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून हप्ता निघणार, असा बेत होता. म्हणजे बाजारात तुरी! त्या बिल्डिंग बांधणार कोण, तर तोच बिल्डर ज्याला 2016 ला काढलं. मग केस, आणि केस चालू असताना त्या जमिनींवर दुसऱ्याला हात लावता येईना. स्टेडियम 2017 ला भरायला लागलं आणि आजूबाजूला वर्षानुवर्षं नुसते पार्किंग लॉट, हप्ता मात्र शहराच्या रोजच्या खर्चातून जात राहिला. नवीन डेव्हलपरची पहिली बिल्डिंग, द पेनंट, 270 फ्लॅटची, लोक राहायला आले तेव्हा 2022 उजाडलं होतं. स्टेडियमचा एक वर्षाचा उशीर सगळ्यांना दिसला कारण क्रेन दिसत होती. पण बिल्डिंगांच्या पाच वर्षांच्या उशिराचा फोटो कोण काढणार, रिकाम्या पार्किंगचा?

बाकी फॉरवर्डमधलं "मैदानात शेंगदाणे विकायलाही माणूस नाही" हे मात्र योगायोगाने बरोबर निघालं. 2019 पासून यार्ड गोट्सनी ॲलर्जी असलेल्या पोरांसाठी शेंगदाणे बंदच केलेत. काका, समरमध्ये याल तेव्हा खिशात खारे दाणे आणू नका, गेटवर काढून घेतील.