सोबत वड्यांचा हिशेब जोडावा

अभिनंदन. शहराच्या 'कला व अर्थविकास अनुदान समिती'वर तज्ज्ञ सदस्य म्हणून तुमची वर्णी लागली. अशी समिती सांगलीत आज नाही, ती मीच मनातल्या मनात नेमली आहे. पण आपल्याकडं समिती व्हायला एकांकिका बसवण्याएवढाही वेळ लागत नाही, तेव्हा तयारीत असलेलं बरं. तज्ज्ञ कशातले, हा प्रश्न मनात आणू नका. शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही भालदार होतात आणि मार्केट यार्डात तुमच्या मेव्हण्याची अडत आहे. कलाही झाली, अर्थविकासही झाला.

आधी कायदा डोळ्यांखालून घाला, निम्मं दडपण तिथंच उतरेल. महानगरपालिका अधिनियम 1949 सालचा. त्याच्या कलम 63 मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत: गटारी, दिवाबत्ती, पाणी, कचरा. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं. कलादालन, वस्तुसंग्रहालय वगैरे नाजूक मंडळी या ऐच्छिकात बसतात. म्हणजे गटार तुंबली तर अख्खी गल्ली तुमच्या दारात येईल. नाटक बंद पडलं तर एकटा नाटकवाला येईल, आणि तोही चपला बाहेर काढून.

बैठकीत बोलायची वेळ आली की 1843 पासून सुरू करा. त्या साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी उभी राहिली, म्हणून आपलं गाव नाट्यपंढरी. हे वाक्य सांगलीत कुठंही चालतं. मी ते पेव्हर ब्लॉकच्या नारळाला ऐकलेलं आहे. 5 नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाला, तर ते म्हणावंच लागतं. पण तिथंच थांबा. पुढची गोष्ट सांगायला जाल तर अडचणीत याल.

कारण पुढची गोष्ट अशी. आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी खेळ घेऊन सांगलीत आली होती. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तो पाहिला, आणि असंच काही मराठीत कर, म्हणून पदरच्या विष्णुदासांना सांगितलं. झालं. ना अर्ज, ना दरपत्रक, ना 'मागील तीन वर्षांत सादर केलेल्या मराठी नाटकांची यादी'. ती यादी जोडायची म्हटली असती तर कोरा कागदच जोडावा लागला असता. मग 1851 मध्ये आप्पासाहेब वारले, संस्थानचा हात आखडला आणि भावे कर्जासकट रस्त्यावर आले. मंडळी घेऊन गावोगाव फिरले. 1853 मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजानंतर मराठी नाटकाला ग्रँट मिळाली ती एवढीच, आणि तीसुद्धा रोडची.

यावरून राजाश्रयाचे गोडवे गाऊ नका बरं का. एका माणसाच्या मर्जीवर चालणारं काम त्या माणसाबरोबर सरणावर जातं, हे त्यातून दिसतंच. समितीचं तसं नाही, समिती मरत नाही. सभागृहाची मुदत संपते, प्रशासक येतात, निवडणूक होते, सदस्य बदलतात, पण मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होतच राहतं.

आता अर्जाकडं या. अर्ज असा हवा की तो भरता येणं हीच कला ठरावी. धर्मादायकडची नोंदणी, पॅन, जीएसटी, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आणि प्रत्येक खर्चाला तीन दरपत्रकं. संहितेलाही मागवा. एकच नाटक तीन लेखक कितीला लिहितील ते विचारा आणि सगळ्यात स्वस्त तिसरा अंक उचला. गावात असे काही जण असतात ज्यांना नाटकातलं काही कळत नाही, पण फाइल अशी लावतात की बघत राहावं: टॅग, अनुक्रमणिका, पानांवर आकडे, वर प्लॅस्टिकचं कव्हर. त्यांना निराश करू नका. जो माणूस तालमीत वेळ घालवतो त्याला फायलीला वेळ कुठून मिळणार, आणि तसल्या बेशिस्त माणसाच्या हाती जनतेचा पैसा द्यायचा कसा?

या बाबतीत थोडा स्वानुभव आहे. आमच्या ग्रुपनं एका प्रयोगाला प्लायवूडचा वड केला होता. पारंब्या सुतळीच्या, पानं पोत्याची. बिलावर सुतारानं लिहिलं, 'वड, 1 नग'. ते बिल घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते विचारू नका. टेबलापलीकडच्या भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"झाडाचं हेड येगळं हाय. हे हितं कसं लावलासा?"

"साहेब, नाटकातलं झाड आहे."

"मग डेडस्टॉकला चढवलंय का?"

"नाही. प्रयोग झाला, मोडलं."

"मोडलं?" भाऊसाहेब सावरून बसले. "तोडायची परवानगी घेतलीसा?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या पुढ्यातल्या नियमात वडाला पानं असतात आणि तो तोडायला अर्ज लागतो. मी आजही त्यांना दोष देत नाही. एवढ्या मन लावून आमचं नेपथ्य दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही, प्रेक्षकांनीसुद्धा.

गुण द्यायचं काम सांगलीकराला जमतंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची पुराची पट्टी वाचतच आपण मोठे झालो: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि 2019 मध्ये 57 च्याही वर. तीच पट्टी अर्जाला लावा. शंभरपैकी 40 गुण झाले की इशारा पातळी, अर्जदार नीट काम करतोय असं दिसू लागलंय. 45 म्हणजे धोका, हा खरोखरच पात्र ठरणार. लगेच त्रुटीचं पत्र काढा. त्याहून वर गेला तर स्थलांतर. त्याचा विषय दुसऱ्या विभागाकडं वर्ग करा.

पण खरी मेख अर्थविकासात आहे. कलेला पैसा द्यायचा तर त्यातून गावाला काय मिळणार, हे आकड्यात दाखवता आलं पाहिजे. नुसतं 'लोकांना बरं वाटेल' हे ऑडिटला चालत नाही. नाटकाचा आर्थिक लाभ मोजायची माझी एक पद्धत आहे, ती तुम्हाला फुकट देतो. मध्यंतरातले वडे मोजा.

तीनशे प्रेक्षक धरा. त्यातले दोनशे खाली उतरतात, दीडशे वडा घेतात, त्यातले चाळीस जण दुसराही घेतात. वड्याला बेसन लागतं, बटाटा लागतो, हळद लागते, आणि हळद म्हणजे सांगली. तळणाऱ्याला रोजगार, पेपरच्या रद्दीला उठाव, चटणीनं शर्ट खराब झाला तर लाँड्रीला काम. एका प्रयोगानं अर्थव्यवस्था किती फिरली बघा. आता याच हिशेबानं नाटकं लावा. मध्यंतर नसलेला दीड तासाचा दीर्घांक: वडे शून्य, अर्ज निकाली. ज्या नाटकाच्या पहिल्या अंकानंतर प्रेक्षक सुन्न होऊन खुर्चीतच बसून राहतात, ते तर गावाच्या विकासाला घातकच. याउलट संगीत नाटक. हरिपूरचे देवल आणि सांगलीचे खाडिलकर पाच-पाच अंकांची नाटकं लिहायचे. पाच अंक म्हणजे चार फटी, आणि चार फटी म्हणजे चार घाणे. यांना उगाच द्रष्टे म्हणत नाहीत.

गंमत अशी की कलावाला अर्जात धंद्याचं सोंग आणत असतो, तेव्हा शेजारच्या रांगेत धंदेवाला कलेचं सोंग घेऊन उभा असतो. त्याला गोदामाचा पत्रा बदलायचा असतो, पण पत्र्याला अनुदान नाही आणि वारशाला आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मग तो 'अनुभव केंद्र' लिहितो. हा शब्द दिसला की सही करा, पुढचं वाचत बसू नका. आमच्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीच्या पोटात खोल कोठ्या, तोंड अरुंद, वरून बंद केलं की आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. कुठल्या विजेचं बिल नाही की काही नाही. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं हळदीसकट गेली. आता पेव दुरुस्त करायला पैसे मागणारा आला तर त्याला 'हे बांधकामकडं' म्हणून वाटेला लावा. फायबरचं पेव, आत पिवळे दिवे, तोंडाशी सेल्फी काढायला जागा, असा प्रस्ताव आला तर मात्र तो वारसा. शिवाय त्यात हळद ठेवायची नसल्यामुळं नासायची भीती नाही.

वाटप सारखं करा. 1998 मध्ये तीन गावांची एक महापालिका झाली, तेव्हापासून सांगलीला एक खांब दिला की मिरजेला एक आणि कुपवाडला एक, हा इथला धर्म आहे. सांगलीला नाटक, मिरजेला गाणं. कुपवाडला एमआयडीसी आहे. तिथल्या भोंग्याला सुषिरवाद्य म्हणून बसवता येतंय का बघा.

भाच्याच्या ग्रुपचा अर्ज आला तर बैठकीतून उठून बाहेर जा. हे अगदी काटेकोर पाळा, इतिवृत्तातही तसं येऊ द्या. बाहेर चहा घ्या, आतल्यांसाठीही पाठवा. सगळं आदल्या रात्री ठरलेलं असल्यानं चहा गार व्हायच्या आत तुम्ही परत खुर्चीत असाल.

पैसे कधी द्यायचे? आधी अजिबात नाही. प्रतिपूर्ती म्हणायचं. त्यानं पदरचे घालून प्रयोग करायचे, बिलं आणायची, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, मग आपण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विचार करायचा. यात एक उत्तम चाळणी आहे. ज्याच्याकडं पैसे आहेत त्यालाच पैसे मिळतात, त्यामुळं ते बुडत नाहीत. ज्यानं बायकोच्या पाटल्या ठेवून सेट उभा केला, तो जूनपर्यंत हेलपाटे घालतो आणि पावसाळ्यात यायचा थांबतो.

शेवटी स्थळपाहणी. ती मिरजेत ठेवा, सतारमेकर गल्लीत. जाण्याआधी थोडी माहिती असू द्या. इथली मूळ घराणी शिकलगारांची, हत्यारं करणारी. गेल्याच्या मागच्या शतकात हत्यारांचं काम सरलं तसे ते तंतुवाद्यांकडं वळले. 'कौशल्य विकास' हा शब्द तेव्हा निघाला नव्हता, म्हणून काम झालं असावं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे येतात, ते वाळवून, कापून, त्यावर दांडी चढते, आणि देशभरातल्या मैफलींत मिरजेचा तानपुरा गायकाच्या मागं वाजत असतो. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बेदाण्याला 2016 मध्ये मिळालं, हळदीला 2018 मध्ये. मानांकन म्हणजे प्रमाणपत्र. त्याच्या फ्रेमला अनुदान देता येईल, त्यात अडचण नाही.

अडचण कारागिराची आहे. केंद्राच्या 2023 च्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, न्हावी आहे, हार गुंफणारा माळी आहे, होडी करणारा आहे, मासेमारीचं जाळं विणणाराही आहे. वाद्य करणारा नाही. तेव्हा तुमच्या पुढ्यातल्या अर्जावर त्यानं गपगुमान 'सुतार' लिहिलेलं असेल, आणि उत्पादनाच्या रकान्यात 'लाकडी वस्तू'. चूक काढू नका. लाकूड आहे, वस्तूही आहे.

तुम्ही पोचाल तेव्हा ते चाचा जमिनीवर बसून जवारी काढत, म्हणजे तारेचा नाद जुळवत असतील. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीवरून कानस एकदाच, केस कापावा इतकी हलकी फिरवतात. तार छेडतात. मान वाकडी करून ऐकतात. पुन्हा कानस, पुन्हा तार. कधी तारेखाली सुताचा धागा सरकवतात, कधी काढतात. तुमच्याबरोबरचे साहेब मोबाइलवर लोकेशनसह फोटो काढायच्या घाईत असतील, कारण पुढं कुपवाडला जायचं आहे. ते विचारतील, एका तासाला किती नग होतात? चाचा मान वर करणार नाहीत. म्हणतील, "साहेब, तेवढा पंखा बंद करा. ऐकू येईना."

पंखा बंद होईल. एप्रिलची दुपार, वर पत्रा, तुमच्या कपाळावरून घाम वाहतोय. चाचा तार छेडून डोळे मिटतील, आणि मग बराच वेळ त्यांचा हात हलणार नाही. साहेब एकदा घड्याळाकडं बघतील, एकदा तुमच्याकडं. तुम्ही फॉर्म पुढं ओढून घ्या आणि पाहणीच्या रकान्यात लिहा: 'भेटीच्या वेळी काम बंद होते.'