अर्ध्या मिनिटात संपणारा ‘कायमचा’ किरणोत्सार

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘परदेशी प्रयोगशाळा बॅटरीच्या मटेरियलमध्ये किरणोत्सारी लिथियम घुसवतात. तो माल कायमचा किरणोत्सारी होतो. वर तो झोत ध्रुवीकृत, म्हणजे दुप्पट घातक. साध्या एनएमआरनं भागत असताना हा उद्योग कशाला?’ (एनएमआर म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रकांच्या संकेतांवरून पदार्थाच्या आतलं ओळखायची पद्धत.) दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मोबाइल उशाखालून काढून चपलांच्या कपाटावर ठेवलाय.

आधी ‘कायमचा’. हे किरणोत्सारी लिथियम म्हणजे लिथियम-८. त्याचं अर्धायुष्य ०.८४ सेकंद, म्हणजे दर ०.८४ सेकंदाला उरलेले अणू निम्मे होतात. नमुन्यात सेकंदाला एक कोटी अणू शिरत असले, तरी झोत बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात त्यातला एकही उरत नाही. मागे राहतो तो हेलियम. झोताची ऊर्जाही इतकी कमी, की नमुन्याच्या स्वतःच्या अणुकेंद्रकांना धक्का लागत नाही.

‘ध्रुवीकृत’चा तर घातकपणाशी काडीचा संबंध नाही. ठाणे स्टेशनवर सीएसएमटी लोकलची वाट बघणारे सगळे कळव्याकडे मान वळवून उभे असतात ना, तसे केंद्रकांचे स्पिन (प्रत्येक केंद्रकाची चुंबकसुईसारखी दिशा) एका बाजूला वळवायचे, एवढंच. कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत हे कसं करतात ते बघण्यासारखं आहे. लिथियमचा आयन (एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) लेसरला दाद देत नाही. म्हणून झोत सोडियमच्या वाफेतून नेऊन त्याला एक इलेक्ट्रॉन देतात. मग धावत्या अणूंवर समोरून ६७१ नॅनोमीटरचा लाल लेसर. त्यानं स्पिन वळले, की हेलियम वायूत तो उसना इलेक्ट्रॉन परत काढून घेतात. साधारण ७० टक्के ध्रुवीकरण हाती लागतं. साध्या एनएमआरमध्ये भल्यामोठ्या चुंबकानंही लाखात मोजकीच केंद्रकं जास्तीची वळतात.

‘साध्या एनएमआरनं भागत असताना’ या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर इथेच आलं. साध्या एनएमआरला निदान १०^१७ केंद्रकं लागतात. काही नॅनोमीटर जाडीच्या थरात ती आणायची कुठून? इथे लिथियम-८ ची काही कोटी केंद्रकं फुटली (म्हणजे क्षय पावली) तरी पुरतं. स्पिन वळलेलं केंद्रक फुटताना बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) एका बाजूला जास्त जातात (कोबाल्ट-६० वर हे १९५७ मध्येच दिसलं होतं). दोन्ही बाजूंना शोधक ठेवून फरक मोजायचा. इंडिकेटर बदलला की माना जशा विस्कटतात, तसा तो फरक किती वेगानं ओसरतो, त्यावरून लिथियम आत कसा उड्या मारतोय ते कळतं. बॅटरीवाल्यांना हवं असतं ते हेच.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र खरी. हे लिथियम ज्या टँटलम धातूच्या लक्ष्यातून मिळवतात, त्यावर ५०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन आदळतात. ते लक्ष्य खरोखर जहाल किरणोत्सारी होतं, आणि जाड भिंतींआड दुरूनच हाताळतात. काकांच्या मोबाइलपर्यंत त्यातलं काही येत नाही.