विहिरीत पोहणाऱ्यांनो, समुद्र विहीर नाही!

दरवर्षी तेच. परभणीहून रात्रभर गाडी हाकून रत्नागिरी गाठायची आणि आरे-वारेचा किनारा दिसला की आमची माणसं चपला फेकून थेट पाण्यात! "दाजी, थांबा, शिट्टी वाजतीय," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अगं, ६० फूट विहिरीत सूर मारलेला गडी आहे मी."

विहिरीचं पाणी जागेवर असतं हो! समुद्राचं ओढतं. लाट फुटून परत जाताना पायाखालची वाळू सरकते, गुडघाभर पाण्यातला माणूस बघता बघता छातीभर पाण्यात जातो. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी पालटते, रोज सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं. पेरणीला पंचांग बघणारी माणसं सहलीला निघताना तिथी का बघत नाहीत?

मागच्या दिवाळीत गणपतीपुळ्याला भाच्याचा हात माझ्या हातातून सुटला. दोनच लाटा. तिथल्याच एका दादानं दंडाला धरून ओढून काढलं. पोराच्या नाकातोंडात वाळू, मुठीत अजून ते प्लास्टिकचं फावडं. ताई ओल्या वाळूत बसून थरथरत होती. त्या दादाचे पाय धरावेत असं वाटलं मला.

आणि संध्याकाळी दाजी परत पाण्यात! वर मलाच म्हणाले, "भित्री आहेस."

यंदा मे महिन्याचं बुकिंग झालंय. शिट्टी वाजली की बाहेर यायचं, हे कबूल असेल तरच मी आणि पोरं गाडीत बसू, असं सांगून ठेवलंय.