पैसे वसूल व्हायलाच पाहिजेत, म्हणूनच दुपारी थांबा

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे, पण त्यामागचं गणित खरं आहे. त्यामुळे ‘धन्यवाद, आपापलं मत’ एवढं लिहून सोडून द्यावं असं वाटलं नाही. आमच्या लातूर-नांदेडकडच्या कितीतरी घरांत हेच बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी वरचं काही वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की सहा वर्षांच्या आतली लेकरं सोबत असतील, तर थीम पार्कला सकाळी फाटक उघडायच्या वेळेला पोहोचा, दुपारी दोन तास सगळं थांबवा आणि मोजक्याच राइड करा. त्यावर दादांचं म्हणणं असं: ‘आम्ही अंबाजोगाईहून साडेतीनशे किलोमीटर हैदराबादला जाणार, घरातल्या नऊ माणसांचं तिकीट काढणार, आणि दुपारी झोपा काढायच्या? हे पुण्या-मुंबईच्या लोकांना परवडतं, त्यांना पुढच्या महिन्यात परत जाता येतं. आमचं जाणं एकदाच होतं. लेकरं थकली तर थकू द्या. आम्ही माळेगावच्या जत्रेत दिवस-दिवस फिरायचो, काही झालं नाही.’

एकदाच जाणं होतं, हे अगदी खरं आहे. पण माझ्या मते थांबण्याचं कारण नेमकं तेच आहे. खोपोलीच्या इमॅजिकाला पुण्याहून तासा-दोन तासांत जाणाऱ्या माणसाचा एक दिवस रडारडीत गेला तर त्याचं फारसं बिघडत नाही, तो पुन्हा जाईल. तुमच्याकडे दुसरी संधी नाही. म्हणून तो एक दिवस संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे. लेकरू दुपारी अडीचला कोलमडलं, तर नऊ माणसांचा उरलेला दिवस तिथंच संपतो. तुमचे पैसे वसूल होतात की नाही हे घरातलं सगळ्यात धाकटं माणूस ठरवतं, कारण सगळ्यांना शेवटी त्याच्याच चालीनं चालावं लागतं.

आता जत्रेचं. तुम्ही माळेगावचं नाव काढलंत म्हणून बरं झालं, कारण खंडोबाच्या त्या जत्रेला मीही लहानपणापासून गेलेली आहे. जरा आठवून बघा, तिथं लहान लेकरू दिवसभर खरंच फिरायचं का? आपली राहुटी असायची, नाहीतर गाडीखाली सतरंजी अंथरलेली असायची. सकाळी देवदर्शन, मग घोड्यांचा बाजार, मग एखादा पाळणा, आणि ऊन चढलं की सगळे परत मुक्कामावर. घरून आणलेले धपाटे, दही, शेंगाची चटणी. आजी कुठं जायचीच नाही, ती सामान राखत बसायची. तिच्या मांडीवर एकेक लेकरू आळीपाळीनं झोपून उठायचं, आणि दिवे लागले की पुन्हा बाहेर. जत्रा रात्रभर चालायची हे बरोबर, पण प्रत्येक लेकराची दुपार झोपेतच गेलेली असायची. त्याला कुणी ‘नियोजन’ म्हणत नव्हतं, कारण जत्रेची घडणच तशी होती. आत जायला तिकीट नव्हतं, त्यामुळे बाहेर पडलं तर काही वाया गेलं असं वाटायचं नाही.

थीम पार्कमध्ये यातलं काहीच आयतं मिळत नाही. राहुटी नाही, बहुतेक ठिकाणी घरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, सावली आहे पण तिथं आडवं व्हायला जागा नाही. वरून तिकिटावरची रक्कम डोक्यात सारखी वाजत असते. जत्रेत आजीनं आणि राहुटीनं जे आपोआप केलं, ते इथं आपल्याला ठरवून करावं लागतं. मी सांगितलेला दुपारचा थांबा म्हणजे एवढंच. ती शहरी चैन नाही, आपलीच जुनी रीत आहे.

दुपारी साडेतीनच्या रांगेत उभं राहून आजूबाजूला एकदा बघा. लोखंडी कठड्याला हात लावला की चटका बसतो. एका पायातली चप्पल काढून लेकरू बापाच्या मांडीला मिठी मारून उभं असतं. ते रडतही नसतं, नुसतं ‘घरी चल’ म्हणत असतं. बाप म्हणतो, ‘आता दोनच राहिल्यात.’ पुढची पंधरा मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. मग पाळण्यात बसवल्यावर ते लेकरू मोठ्यानं रडायला लागतं आणि कर्मचारी त्याला उतरवून देतात. रांगेतली पाऊण तासाची उभं राहण्याची शिक्षा सगळ्यांनी भोगलेली असते, राइड मात्र होतच नाही. हे आळशी किंवा लाडावलेलं लेकरू नव्हे. तीन ते पाच वर्षांच्या लेकराला दिवसभरात, दुपारची धरून, दहा ते तेरा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. पहाटे चारला उठवून गाडीत बसवलं की त्यातले तीन तास आधीच गेलेले असतात.

उन्हाचंही तसंच. लहान लेकराचं अंग त्याच्या वजनाच्या मानानं जास्त उघडं पडतं, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, आणि खेळात रमलं की पाणी मागत नाही. त्याला विचारू नका, ठरावीक वेळानं पाजा. पिशवीत ओआरएसची पुडी ठेवा आणि पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ती कालवा, कमी पाण्यात नको. चार-पाच तास लघवी झाली नाही तर राइड बंद, हा आमच्या घरातला पक्का नियम आहे.

तुमची दुसरी हरकत, ‘मोजक्याच राइड म्हणजे अर्धं पार्क सोडून यायचं.’ दादा, तुमच्या सहा आणि तीन वर्षांच्या लेकरांना ते अर्धं पार्क मुळातच बंद असतं. मोठ्या रोलर कोस्टरच्या दारात उंचीची पट्टी असते, आणि ती बऱ्याचदा १४० सेंटिमीटरची असते. १४० म्हणजे साधारण दहा-अकरा वर्षांचं पोर. सहा वर्षांचं लेकरू ११५ च्या आसपास भरतं, तीन वर्षांचं ९५ च्या. त्यामुळे ‘सगळं केलं’ असं होणारच नाही. निघण्याआधी घरीच दोघांना भिंतीला उभं करून टेपनं मोजा. मग पार्कच्या वेबसाइटवर कोणत्या राइड त्यांच्या उंचीत बसतात ते बघा आणि यादी तिथंच करा. तुम्ही जाणार त्या हैदराबादच्या वंडरला पार्कमध्ये तर तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं. दारात ‘तू लहान आहेस’ ऐकून हिरमुसलेलं लेकरू समजावण्यात अख्खी सकाळ जाते, ती तरी वाचेल.

आणि एक सांगते, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. लहान लेकराला नवी राइड हवी असते हा मोठ्यांचा समज आहे. त्याला तीच पुन्हा हवी असते. माझी धाकटी गोल फिरणाऱ्या घोड्यावर पहिल्यांदा बसली तेव्हा दोन्ही हातांनी दांडा आवळून, ओठ घट्ट मिटून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, ‘परत.’ दुसऱ्या फेरीत तिनं एक हात सोडला. तिसऱ्या फेरीत बाकावर बसलेल्या आजीला हात केला आणि चौथ्या फेरीपासून गाणं म्हणायला लागली. तिचे बाबा घड्याळ बघत होते, पलीकडच्या नव्या राइडला रांग कमी होती. पण भीतीपासून गाण्यापर्यंतचा हा प्रवास त्या चार फेऱ्यांत झाला. तिला पहिल्या फेरीनंतर उचलून दुसरीकडे नेलं असतं, तर सगळीकडे ती दांडा आवळूनच बसली असती. राइड मोजून पैसे वसूल होत असतील तर ही एकच राइड झाली. मी तसं मोजत नाही.

मोठ्यांनी काहीच करायचं नाही का, हेही तुम्ही विचारलंत. जरूर करायचं. नऊ जण आहात तर सारखे एकत्र फिरू नका. दुपारी आजी-आजोबा आणि एक जण धाकट्यांजवळ थांबा, बाकीच्यांनी मोठ्या राइड उरकून घ्या. दोघंच असाल तर आळीपाळीनं बसा. डिस्नेच्या पार्कांत याची रीतसर सोयच आहे, तिला ‘रायडर स्विच’ म्हणतात: एक पालक लेकराजवळ थांबतो, पहिला उतरला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आपल्याकडे तशी सोय आहे का हे राइडवरच्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारा. पांगण्याआधी सकाळीच लेकरांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा आणि मनगटावर पेनानं फोन नंबर लिहा.

दुपारी थांबायचं कुठं? मुक्काम जवळ असेल आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत सोडत असतील, तर सरळ खोलीवर जाऊन झोपा. हे तिकीट काढण्याआधी विचारायचं, फाटकावर भांडून नाही. परत सोडत नसतील तर आतच थांबा: एखादा एसीतला शो, सावलीतला बाक, नाहीतर उपाहारगृहाचा कोपरा. जेवण मात्र साडेअकरालाच उरका. एक वाजता सगळं पार्क ताटासाठी रांगेत असतं. पाण्याच्या खेळांसाठी नायलॉनचे कपडे घरून न्या, सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत. धपाटे गाडीतच संपवा.

तुमच्या बेताबद्दल दोन शब्द. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पार्कच्या फाटकावर उतरायचं, दुसऱ्या दिवशी रामोजी फिल्म सिटी, संध्याकाळी चारमिनार आणि रात्रीच परत, असं तुम्ही लिहिलंय. यात लेकरं कुठंच झोपत नाहीत, आणि गाडी चालवणारा माणूसही झोपत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. उदगीर-बिदरवरून दिवसा जा, संध्याकाळी पोहोचा, झोपा, आणि सकाळी ताज्या अंगानं आत जा. रामोजी १९९६ पासून आहे आणि दीड हजार एकरांहून मोठी आहे. तिथं बराच वेळ बसमधून सेट बघण्यात जातो. तुमच्या आई-वडिलांना ते आवडेल, तीन वर्षांचं लेकरू मात्र अर्ध्या तासात कंटाळेल. शिवाय ती शहराच्या पूर्वेला विजयवाड्याच्या रस्त्यावर, आणि वंडरला दक्षिणेला रिंग रोडजवळ. दोन्ही लागोपाठ ठेवू नका. मधला दिवस नेहरू प्राणी उद्यानाला द्या, तेही अर्धाच. सोमवारी ते बंद असतं. खर्चाचा हात आखडता असेल तर रामोजी आणि वंडरला यांपैकी एकच करा, पण एक रात्र जास्त मुक्काम करा. मला विचाराल तर त्या रात्रीचे पैसे दुसऱ्या तिकिटापेक्षा जास्त कामी येतात.

कधी जायचं, याचं उत्तर आपल्या भागाच्या सोयीचं आहे. तेलंगणात शाळांना लांब सुट्टी दसऱ्याला आणि संक्रांतीला असते, दिवाळीला फारशी नसते. आपली मोठी सुट्टी दिवाळीची. म्हणजे भाऊबीज झाल्यावर मधल्या वारी, मंगळवारी-बुधवारी गेलात, तर आपली लेकरं मोकळी आणि तिथली शाळेत. ऊनही उतरलेलं असतं. मे महिन्यात मात्र दोन्हीकडच्या सुट्ट्या एकाच वेळी असतात आणि पारा चाळिशीच्या वर, तेव्हा शक्यतो नकोच.

आत गेल्यावर पहिला तास फुकट घालवू नका. सगळे फाटकाजवळच्या पहिल्या राइडला उभे राहतात. तुम्ही सरळ मागच्या टोकाला जा आणि तिथून पुढं या. त्या तासात जेवढं होतं तेवढं दुपारच्या तीन तासांत होत नाही. झोप झाली असेल तर संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा एकदा छान वेळ मिळतो. लहान लेकरांची बरीच कुटुंबं तोवर बाहेर पडलेली असतात.

तुमच्या मोठ्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून इथंच खाली लिहा, आणि आई-वडिलांपैकी कुणाला गुडघ्याचा त्रास आहे का तेही. त्यावरून सकाळचा क्रम कसा लावायचा ते मी लिहून देते.