वेताळाची हनुवटी

वीस वेताळ मेले, एकविसावा गादीवर बसला, आणि डेंकालीच्या जंगलात कुणाला पत्ता लागला नाही. (वेताळ म्हणजे कॉमिक्समधला मुखवटेवाला फँटम, आणि डेंकाली हा त्याचा काल्पनिक मुलूख.) वेताळाचा मित्र गुरन आणि त्याची बांडार जमात सोडली तर सगळं जंगल, सगळे चाचे आणि झाडून सगळे खलनायक असंच धरून चालतात की 1536 पासून हा एकच माणूस घोड्यावर बसून हिंडतोय आणि त्याला मरण नाही. बाप जातो, मुलगा तोच घट्ट पोशाख, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी चढवतो, काम चालू. चारशे वर्षं एवढ्या मोठ्या मुलखाला गंडवणारी ही युक्ती परभणीत एक दुपारसुद्धा टिकली नाही. परभणीने लगेच ओळखलं, माणूस बदलला!

माणूस म्हणजे चित्रकार. आता, ज्या वयात आम्ही हे ओळखलं त्या वयात चित्रकार नावाचा प्राणी असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. वेताळ आपला आपण छापून येतो अशी समजूत होती. एका अंकात मात्र चौकटीच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी सही सापडली, साय बॅरी. आमच्यातल्या इंग्रजीच्या जाणकाराने ती ‘साई बॅरी’ अशी वाचली, आणि साईबाबांचं जन्मगाव मानली जाणारी पाथरी आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे हा गृहस्थ मूळचा इकडचाच असणार, यावर वर्गात एकमत झालं. पुढे कितीतरी दिवस ‘आपला माणूस’ म्हणून मी बॅरीची बाजू घेत होतो.

बाजू घ्यावी लागायची, कारण थोरला दादा विरुद्ध पक्षात होता. दादाचा वेताळ विल्सन मॅकॉय यांचा. जाड, स्वच्छ रेष, सावलीचं नाव नाही, आणि सगळी पात्रं शाळेच्या ग्रुप फोटोला उभं केल्यासारखी ताठ. गंमत अशी की ज्यातून वेताळ आमच्यापर्यंत पोचायचा ते इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये निघालं आणि मॅकॉय 1961 मध्येच वारले होते. बॅरीने त्याच वर्षी कुंचला हातात घेतला होता. म्हणजे तिकडे अमेरिकेत ज्या बदलावर वाचकांनी बोटं मोडून झाली होती, तो बदल आमच्याकडे कैक वर्षांनी, मनमाडहून येणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीने, अंकांचा क्रम विस्कटून पोचला. उशिराबद्दल तक्रार नाही. त्या लाईनची ब्रॉडगेज व्हायलासुद्धा नव्वदचं दशक उजाडलं. पण क्रमाचा घोळ वाईट होता. स्टँडवरच्या स्टॉलवर या अंकात बॅरीचा वेताळ, पुढच्यात पुन्हा मॅकॉयचा. दादा विजयी मुद्रेने घरी यायचा. ‘बघ, खरा परत आला!’

बॅरीवर दादाचा मुख्य आक्षेप स्नायूंवर होता. ‘लोक ह्याला चालतंबोलतं भूत म्हणतात ना? मग भुताला इतके दंड कशाला?’ याला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही. मी आपला म्हणायचो, जंगल खरं वाटतं, रात्र रात्रीसारखी वाटते, घोडा पळताना दिसतो. दादा म्हणायचा, घोडा बघायचा तर टांगा स्टँडवर जा.

हे भांडण पोरांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. एकदा आईने गहू निवडता निवडता दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवून पाहिले. वेताळाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने वेताळाची प्रेयसी डायना पाहिली. मॅकॉयची डायना, मग बॅरीची डायना, मग पुन्हा पहिली. आणि गहू बाजूला सारून म्हणाली, ‘दाखवली एक न् दिली दुसरीच की रे!’ झालं, दुपारपर्यंत गल्लीतल्या चार घरांत वेताळाच्या सासरच्यांनी फसवणूक केल्याची बातमी होती. 1977 साली त्या दोघांचं लग्न झालं तेव्हा आईला मी ते सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘कोणतीशी?’

शेजारच्या आजोबांनी निजामाचं राज्य जाताना पाहिलं होतं. निजामाचा हाली रुपया जाऊन भारताचा कलदार आला तेव्हा बाजारात काय गोंधळ झाला ते त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणायचे, ‘पोरांनो, राज्य बदललं तवा आमी इतकं बोललो न्हाई.’

आता कुणाला वाटेल, हे सगळं बालपणाबरोबर संपलं. इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं, बॅरी 1994 मध्ये थांबले, वेताळाला जन्म देणारे ली फॉक 1999 मध्ये गेले. पण वेताळ काही थांबेना. बॅरीनंतर एकामागून एक हात बदलत गेले. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीवर 2005 पासून पॉल रायन होते, ते 2016 मध्ये गेल्यावर माइक मॅनली आले. आणि आमच्या सलूनवाल्याचा भाचा ती पट्टी रोज मोबाईलवर बघतो. तिथून माझ्या हालअपेष्टांचा दुसरा अध्याय सुरू होतो.

दाढी घरी करता येते, हे मला माहीत आहे. पण एप्रिल-मे महिन्यात परभणीत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की सलूनमधला कूलर हेच गावातलं एक थंड ठिकाण उरतं, आणि तिथे नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही. म्हणून मी खुर्चीत बसतो. फेस लागतो. मान मागे टेकते. आणि नेमका तेव्हाच भाचा मोबाईल पुढे करतो.

‘सर, ह्यो बगा आजचा वेताळ.’

वेताळाचा चेहरा बघणारा भयानक मरणाने मरतो, अशी त्या जंगलातली जुनी म्हण आहे. म्हणून चित्रकाराला चेहरा दाखवायची सोय नाही. डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी. उरतं काय? नाक आणि हनुवटी. जगभरातल्या वाचकांचं सगळं भांडण या चार बोटं जागेवर चालतं, आणि हनुवटी हा आमच्या सलूनवाल्याचा प्रांत आहे. समीक्षक पुष्कळ झाले, पण रोज पंधरा-वीस हनुवट्यांवरून हात फिरवून मत बनवणारा हाच.

‘ही हनुवटी बॅरीसायबाची न्हाई,’ तो वस्तरा हवेत धरून म्हणाला. ‘बॅरीसायबाच्या वेताळाला कोपरा होता. वस्तरा इथून घातला की इथं वळवावा लागला असता. हिला काय, सरळ खाली. कामून बदलली आसंल?’

मी फेसातून म्हणालो की चित्रकार बदलला.

‘ते कळतंय. पर हनुवटी कामून बदलायची? आमचं दुकान बापाकडून माझ्याकडं आलं, म्हणून गिऱ्हाइकाची हनुवटी बदलली का?’

बाकावर बसलेले निवृत्त गुरुजी याच क्षणाची वाट पाहत असतात. गुरुजींना आमची दोन्ही घराणी मान्य नाहीत. कुठल्याशा जुन्या पुनर्मुद्रणात त्यांनी 17 फेब्रुवारी 1936 पासूनच्या मूळ पट्ट्या पाहिल्या, तेव्हापासून ते पहिले चित्रकार रे मूर यांचे. ‘अस्सल म्हणजे मूर. काय अंधार काढायचा तो माणूस! वेताळ दिसायचाच नाही.’

‘दिसत न्हाई तर इकत कशाला घ्यायचं, गुरुजी?’ भाचा.

‘तुला नाही कळणार. मॅकॉय त्यांचा मदतनीस. महायुद्धाच्या काळात काम हातात आलं. नंतरचे सगळेच भाडेकरू!’

यावर सलूनवाला चिडला, कारण तो स्वतः भाड्याच्या गाळ्यात आहे. वस्तरा माझ्या गळ्याजवळ होता.

मी विषय बदलायला म्हणालो की हनुवटीचं काय घेऊन बसलात, पोशाखाचा रंगसुद्धा सगळीकडे एक नाही. इटलीत तो लाल असतो, स्वीडनमध्ये निळा. मला वाटलं, लोक चकित होतील आणि मी तेवढ्यात सुटेन. पण गुरुजींनी शांतपणे विचारलं, ‘आणि आपल्याकडे?’ सलूनवाला म्हणाला, ‘आपल्याकडं बोअरच्या खाऱ्या पाण्यात दोन धुण्यांत पांढरा.’ मग टँकर कधी येतो, कुणाच्या वॉर्डात आधी येतो, यावर वेळ गेला. फेस वाळून गाल ओढायला लागले.

एवढ्यात दादा आत आला. निवृत्तीनंतर तो रोज याच वेळी येतो. त्यानेही मोबाईल हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ पाहिलं.

‘काहीच जान नाही,’ दादा म्हणाला. ‘बॅरी तो बॅरीच. काय स्नायू काढायचा!’

मी खुर्चीत ताड्कन उठून बसलो. पन्नास वर्षं या माणसाने बॅरीला नावं ठेवली. ‘भुताला दंड कशाला’ हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जायचं. कुणी दुसरी भाकरी मागितली तरी. मी तसं म्हणालो. दादाने मला नवखा माणूस पाहावा तसं पाहिलं. ‘मी कधी म्हणालो? बॅरीला नावं तू ठेवायचास. तुला तो इकडचा वाटायचा आणि इकडचा असून आपल्याला चांगला घोडा काढून देत नाही म्हणून.’

गुरुजींनी मान डोलावली. भाच्यानेही डोलावली, त्याचा तर तेव्हा जन्म झाला नव्हता.

‘हालू नका सर,’ सलूनवाल्याने माझं डोकं पुन्हा मागे दाबलं. ‘एक गाल राहिलाय. तुमची हनुवटी तशी पहिल्यातली हाय, दादा म्हनत्यात त्या जाड्या रेषेची. सोपी हाय.’

अपमान गिळून मी डोळे मिटले. दुसरा गाल निम्मा झाला असेल, तेवढ्यात गुरुजी बाकावरून पुढे सरकले. ‘वेताळाचं सोडा हो. जादूगार मँड्रेकचं काय? फिल डेव्हिस 1964 मध्ये गेले, पुढच्या वर्षी फ्रेड फ्रेडरिक्स आले. त्यानंतरची मिशी नीट पाहिलीत का कुणी?’

‘मिशी?’ सलूनवाला थबकला. त्याने आधी गुरुजींकडे पाहिलं, मग आरशातून माझ्या मिशीकडे. ‘कशी होती म्हन्ता आधीची? दावतो का सरांवर?’

मी गळ्यातलं कापड ओढून काढलं, पैसे काउंटरवर ठेवले आणि अर्ध्या फेसानिशी भर उन्हात घराकडे निघालो. पाठीमागून दादाचा आवाज येत होता, ‘बारीक! डेव्हिसची एकदम बारीक होती!’